हेपकॅट आणि घाई न करणारा स्का

रविवार, रात्री उशिरा

आज दिवसभर घरात हेपकॅट या बँडचीच गाणी चालू होती. सकाळी 'साइंटिफिक' लावला, दुपारी 'राइट ऑन टाइम', आणि संध्याकाळी भाजी निवडताना परत 'साइंटिफिक'च. आईला आता दोन-तीन गाण्यांचे ब्रासचे, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन वगैरेंचे, तुकडे पाठ झालेत, ती गुणगुणते पण. मला फार दिवसांपासून या बँडबद्दल नीट लिहायचं होतं, डोक्यात सगळं विखुरलेलं आहे, म्हणून आज बसलेच.

हेपकॅट हा लॉस एंजेलिसकडचा स्का बँड, १९८९ साली सुरू झालेला. स्का म्हणजे जमैकात जन्मलेलं, उलट्या ठोक्यावरचं नाचाचं संगीत. ग्रेग ली आणि अ‍ॅलेक्स देझेर गायला, डेस्टन बेरी कीबोर्डवर आणि तोही गाणारा, मागे ट्रम्पेट-सॅक्सोफोन, गिटार, बास, ड्रम्स. पहिला अल्बम १९९३ चा 'आउट ऑफ नोव्हेअर', न्यूयॉर्कच्या मून स्का लेबलवर, मग १९९६ ला 'साइंटिफिक', १९९८ ला 'राइट ऑन टाइम', २००० ला 'पुश अँड शव्ह'. बस, चार स्टुडिओ अल्बम. यातला अ‍ॅलेक्स देझेर म्हणजे तोच जो टीव्हीवर अ‍ॅक्टिंग करतो आणि २०२० पासून 'द सिम्पसन्स'मधल्या कार्लला आवाज देतो. हे कळलं तेव्हा मी परत जाऊन त्याचं गाणं ऐकलं, आणि खरंच, बोलताना जो निवांतपणा आहे तोच गाण्यात आहे.

आता ती वर्षं बघा ना. १९९६, ९७, ९८, म्हणजे अमेरिकेत स्का एकदम रेडिओवर आलेला काळ. मायटी मायटी बॉसटोन्स, रील बिग फिश, गोल्डफिंगर, नो डाउट, सगळीकडे ब्रास आणि सगळीकडे स्पीड. पंकचं गिटार, त्यावर ट्रम्पेट, आणि पोरं उड्या मारतायत. मला त्या बँड्सबद्दल काही वाईट बोलायचं नाहीये, त्यांची एनर्जी खरी होती. पण त्याच गर्दीत, रॅन्सिड या पंक बँडच्या टिम आर्मस्ट्राँगने काढलेल्या हेलकॅट लेबलवर, म्हणजे पंकवाल्यांच्याच घरात, हे लोक जमैकातल्या १९६४ च्या किंग्स्टनसारखं वाजवत होते. मऊ. मोकळं. दोन सुरांच्या मधे भरपूर जागा सोडून. बाजार जेव्हा धावत असतो तेव्हा सावकाश वाजवायला किती हिंमत लागत असेल, आणि हेपकॅटवर माझा जो जीव आहे तो याच हिमतीपायी आहे.

कारण मुळात स्का काय आहे हे त्यांनी कान देऊन ऐकलं होतं. १९५० च्या दशकात किंग्स्टनमधे साउंड सिस्टिमवाले होते, कॉक्सन डॉड, ड्यूक रीड, मोठाले स्पीकर रस्त्यावर लावून अमेरिकेतून आणलेल्या रिदम अँड ब्ल्यूजच्या रेकॉर्ड वाजवायचे आणि लोक नाचायचे. मग अमेरिकेतला आवाज बदलायला लागला, रॉक अँड रोल आलं, यांना हवा तसा माल मिळेना, तर यांनी तिथल्याच वादकांना गोळा करून स्वतःच रेकॉर्ड करायला सुरुवात केली. तो न्यू ऑर्लिन्सचा झुलता शफल जमैकन हातात आला आणि त्यातला उलटा ठोका, म्हणजे दोन मात्रांच्या मधला, पुढे आला. ६ ऑगस्ट १९६२ ला देश स्वतंत्र झाला, १९६३ ला डॉडने १३ ब्रेंटफर्ड रोडवर स्टुडिओ वन उघडला, १९६४ ला स्कॅटलाइट्स हा स्काचा मूळ बँड जमला. सगळं इतकं जवळजवळ की नुसती वर्षं ओळीने लिहिली तरी अंगावर काटा येतो.

आणि स्कॅटलाइट्समधले चौघं, टॉमी मॅकूक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग, एकाच शाळेतले! अल्फा बॉइज स्कूल. गरीब, आईबाप नसलेल्या, वाया जातील अशी भीती असलेल्या मुलांसाठी सिस्टर्स ऑफ मर्सीच्या नन चालवायच्या ती शाळा. तिथे मुलांना कडक शिस्तीत बँड शिकवायचे, नोटेशन वाचता आलंच पाहिजे. सिस्टर मेरी इग्नेशियस म्हणून एक नन होत्या, त्या मुलांसाठी रेकॉर्ड जमवायच्या आणि शाळेत चक्क स्वतः साउंड सिस्टिम लावायच्या. मला वाटतं स्काचा इतिहास लिहिताना त्यांचं नाव डॉड आणि रीडच्या बरोबरीने यायला हवं, तळटीपेत नाही. कारण ती मुलं जॅझ वाजवू शकत होती म्हणून स्का असा झाला. नाहीतर नुसता नाचाचा ठोका राहिला असता.

हेपकॅटमधे हेच ऐकू येतं. ब्रासवाले ओरडत नाहीत. ट्रम्पेटचा सोलो येतो तो गाण्याच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखा येतो, आपली करामत दाखवायला येत नाही, आणि संपला की बाजूला होतो. मागे ऑर्गन सतत हलकं हलकं चालू.

दुपारी दादा आला होता. तो लहानपणापासून तबला शिकलेला, आता वेळ मिळत नाही पण हात आहे अजून. मी म्हटलं दादा कहोन, ते खोक्यासारखं तालवाद्य, घे आणि माझ्याबरोबर बस. मी गिटारवर उलटा चॉप धरला. यात गंमत अशी की गिटारचा स्ट्रोक वरच्या दिशेने मारायचा, आणि मारला रे मारला की डाव्या हाताची बोटं लगेच सैल सोडायची, तारेवरून काढायची नाहीत, फक्त दाब काढायचा, म्हणजे सूर तिथेच तुटतो. 'चक्' असा आवाज यायला पाहिजे, लांबला की रेगे पण नाही आणि स्का पण नाही, काहीच नाही. तर मी ते धरलं, दादा वाजवायला लागला आणि थोड्या वेळात थांबला. म्हणाला, "अगं पण सम कुठाय?"

म्हटलं, आहे ना, एकवर बास पडतोय बघ.

"बास पडतोय गं, पण कोणी त्याच्यावर उभं राहत नाहीये."

किती बरोबर बोलला तो! तबल्यात आख्खं घर समेकडे येतं, सगळे तिथे भेटतात. इथे बास चारही मात्रा सरळ चालत राहतो, जॅझसारखा, एकेक पाऊल टाकत, आणि ड्रमर किक आणि स्नेअरच्या कडेचा ठोका दोन आणि चारवर एकदम टाकतो, गिटार-पियानो त्या मात्रांच्या मधल्या फटीत. एकवर ठासून कोणीच नाही. ही जी मोकळी जागा आहे ना तिच्यातच नाच आहे. स्कॅटलाइट्सचा ड्रमर लॉइड निब, त्याने बुरू ढोलांचे ठोके, म्हणजे जमैकातल्या आफ्रिकन वळणाच्या ढोलांचे ठोके, ड्रम सेटवर आणले आणि हा साचा पक्का केला. २०११ मधे तो गेला, पण अजून जगात कुठेही खरा स्का वाजला की त्यात त्याचा हात असतो.

आणि आणखी एक, हे खूप वेळ धरून ठेवलं की डोकं फिरतं, मधला ठोकाच मुख्य ठोका वाटायला लागतो आणि सगळं उलटं बसतं. सगळ्यांचंच होतं हे. उपाय एकच, पायाने मात्रा धरायची आणि स्पीड वाढवायचा मोह टाळायचा. स्पीड वाढला की लपून जातं सगळं, सावकाश वाजवलं की प्रत्येक स्ट्रोक उघडा पडतो. दादाने मग समेचा विचार सोडून नुसतं दोन आणि चार धरलं, आणि अचानक बसलं! आम्ही 'नो वरीज'च्या बरोबर आख्खं गाणं वाजवलं, आई दारात येऊन उभी राहिली, दादा घामाघूम, थांबायलाच तयार नाही.

गाण्याबद्दल लिहायचं राहिलंच. हेपकॅटमधे एक गायक आणि मागे कोरस असं नाही, दोन-तीन आवाज एकमेकांना टेकून चालतात. हे जमैकात शिकागोच्या इम्प्रेशन्सकडून आलं, कर्टिस मेफील्डचा तो उंच नाजूक आवाज, बॉब मार्लीच्या वेलर्सपासून सगळ्या तिकडीच्या ग्रुपांनी तो मनापासून घेतला. १९६६ च्या सुमाराला स्का मंदावून रॉकस्टेडी झालं तेव्हा तर गाणं म्हणजे हार्मनीच. आणि लॉस एंजेलिसमधे, विशेषतः तिथल्या मेक्सिकन वस्त्यांमधे, जुनं सोल संगीत पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं जातं, गाड्यांमधे, घरच्या पार्ट्यांमधे. त्यामुळे मला राहून राहून वाटतं की हा आवाज परत उगवायला ती जागा योग्यच होती, कान आधीच तयार होते.

डॉन ड्रमंडबद्दल थोडं. त्याचा ट्रॉम्बोन ऐकून कोणाला काही झालं नाही असं मी पाहिलेलं नाही, मायनरमधल्या त्या उदास चाली, 'ईस्टर्न स्टँडर्ड टाइम' वगैरे. पण त्याची गोष्ट ज्या पद्धतीने सांगितली जाते ते मला पटत नाही. जानेवारी १९६५ मधे त्याने त्याच्या प्रेयसीचा, मार्गारिटाचा, खून केला. अनिता महफूद तिचं खरं नाव, उत्तम डान्सर, आणि गायची पण, 'वुमन अ कम' हे तिचं गाणं आहे. रास्ताफारी ढोलवाले काउंट ऑसी आणि त्यांची मंडळी, त्यांना तेव्हा थिएटरवाले स्टेजवर येऊ देत नव्हते, तर ही अडून बसली की ते वाजवणार असतील तरच मी नाचेन, असं सांगतात. म्हणजे या संगीतात ढोलांना जागा मिळवून देणाऱ्यांमधली एक ती. पण बहुतेक ठिकाणी तिचं नाव येतं ते फक्त 'ड्रमंडची ट्रॅजेडी' म्हणून. तो आजारी होता हे खरं, १९६९ मधे बेलव्ह्यू मनोरुग्णालयातच वारला तो. तरीसुद्धा. तिचं गाणं लोकांनी आधी ऐकावं असं मला वाटतं, त्याचा ट्रॉम्बोन नंतर ऐकला तरी चालेल.

स्कॅटलाइट्स म्हणून ते तेव्हा जेमतेम वर्षभर एकत्र होते, १९६५ मधेच फुटले. एवढ्याशा काळातलं काम आणि साठ वर्षं लोक त्यावर जगतायत. इंग्लंडमधे १९७९ ला कॉव्हेंट्रीच्या स्पेशल्स या बँडने स्का परत काढला तेव्हा त्यांच्याबरोबर ट्रॉम्बोनवर रिको रोड्रिग्ज होता, तोही अल्फाचाच विद्यार्थी. म्हणजे नवीन लोकांनी जुनं उचललं तेव्हा जुन्यातला एक माणूस शेजारी उभा होता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रेकॉर्ड ऐकून नव्वद टक्के शिकता येतं, पण तो सैलपणा, ठोका किती मागे रेलायचा, ते बहुतेक शेजारी उभं राहूनच कळत असणार.

ग्रेग ली २०२४ च्या मार्चमधे गेला. मी बातमी ऑफिसला जाताना बसमधे वाचली आणि खरं सांगते मला पुढचं काही सुचेना. कधी भेटले नाही, कधी प्रत्यक्ष ऐकलं नाही, तरी रोजचा आवाज होता तो. त्याच्या गाण्यात एक आपलेपणा होता, जोर लावायचाच नाही असं ठरवून गाणारा माणूस, आणि देझेरचा आवाज बाजूला आला की दोघांत कोण कुठे हे कळायचं नाही कधीकधी. त्या दिवशी मी हेडफोन लावून 'गुडबाय स्ट्रीट' ऐकलं आणि स्टॉप चुकला.

पुढच्या वर्षांत जुन्यांपैकी आणखी जातीलच, लेस्टर स्टर्लिंग पण २०२३ मधे गेले. पण वाजवणारे आहेत. लॉस एंजेलिसमधेच डेलिरियन्स आहेत, स्टेडी फॉर्टीफाइव्ह्ज आहेत, तरुण पोरं, तसंच मऊ हार्मनीत गाणारी. वेस्टर्न स्टँडर्ड टाइम नावाचा आख्खा स्का ऑर्केस्ट्रा आहे, नावातच ड्रमंडला नमस्कार. न्यूयॉर्कचे स्लॅकर्स १९९१ पासून न थांबता फिरतायत, आणि त्यांचा सॅक्सोफोनवाला डेव्ह हिलयार्ड सुरुवातीच्या हेपकॅटमधे होता. आपल्याकडे दिल्लीचे स्का व्हेंजर्स आहेत, २००९ पासून, त्यांचा रस्ता वेगळा, जास्त राजकीय, जास्त रॅप, पण ठोका तोच धरलेला.

दादा पुढच्या रविवारी येतो म्हणालाय, येताना त्याचा ऑफिसमधला एक मित्र बास घेऊन येईल. मी तोपर्यंत 'रुडीज ऑल अराउंड'चे कॉर्ड काढून ठेवणार आहे, आणि ब्रास नाही तर कीबोर्डवर दोन बोटांनी का होईना ती ओळ वाजवणार. कोणाला सुरुवात करायची असेल तर 'राइट ऑन टाइम'पासून करा, तो पटकन आवडतो, मग मागे 'साइंटिफिक'कडे या, आणि मग सरळ १९६४ मधे जा. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, बास ऐकूच येत नाही त्यात.