बेचाळीस मजली टॉवरचा हँडओव्हर घेताना: माझा अनुभव

बिल्डरकडून टॉवर ताब्यात घेणं म्हणजे फायलींचे गठ्ठे, किल्ल्यांचा जुडगा आणि एक सही, अशी बहुतेक नव्या कमिट्यांची समजूत असते. लालबाग-परळच्या एका जुन्या गिरणीच्या जागेवरचा ४२ मजली टॉवर घेताना तांत्रिक उपसमितीत मी होतो. आम्हाला सात महिने लागले आणि ते मला जास्त वाटत नाहीत. लॉबीचा दगड, जिमची यंत्रं, पोडियमवरची बाग या सगळ्याला कुणीही नावं ठेवणार नाही. दुखणं असतं ते डक्टमध्ये (पाइप वर-खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीत), पंपरूममध्ये आणि बाहेरच्या भिंतीत. म्हणून नियम एकच ठेवला: यंत्रणा चालवून, आकडा लिहून घेतल्याशिवाय त्या यंत्रणेपुढे सही नाही.

आधी कायद्याचा मुद्दा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्याच्या तारखेपासून ५ वर्षांत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवांमधला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करून द्यायचा असतो. ही पाच वर्षं फ्लॅटचा ताबा मिळाल्यापासून मोजली जातात, कमिटी निवडून आल्यापासून नाही. बऱ्याच ठिकाणी कमिटी बसेपर्यंत दोन वर्षं गेलेली असतात. शिवाय ‘गळती आहे, लक्ष द्यावे’ अशा पत्राचा उपयोग होत नाही. मजला, डक्ट, तारीख, वेळ, रीडिंग आणि फोटो असं प्रत्येक ओळीत लिहायचं, आणि पत्र ईमेल व स्पीड पोस्ट अशा दोन्ही मार्गांनी पाठवायचं.

सगळ्यात जास्त वेळ पाण्याने खाल्ला. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला). टाकी १३० मीटरवर असेल तर तळमजल्यावर १३ किलो दाब येतो. घरातले नळ आणि फ्लश साधारण तीन-चार किलोच्या आत सुखात चालतात. म्हणून टॉवरचे झोन पाडतात आणि प्रत्येक झोनच्या वर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही बसवतात. आमच्याकडे १७व्या मजल्यावरचा पीआरव्ही दीड किलोवर सेट होता. तिथून खाली ८ मजले म्हणजे सुमारे २४ मीटर, त्यामुळे झोनच्या शेवटच्या घरात दाब चार किलोच्या आसपास यायला हवा. दिवसा गेज बरोबर दीड दाखवत होता. तरी ९व्या आणि १०व्या मजल्यावर अँगल कॉकच्या खालचे ब्रेडेड पाइप फुटत होते, आणि तेही पहाटेच.

रात्री २.४० ला डक्टचं दार उघडून टॉर्च मारला, तेव्हा काटा पाचवर होता. दिवसा नळ चालू असतात, पाणी वाहतं, म्हणून दोष झाकला जातो. रात्री वापर थांबला की पीआरव्हीच्या सीटवर (आतलं झाकण जिथे टेकून पाणी अडवतं तिथे) अडकलेल्या वाळूच्या कणाजवळून पाणी झिरपत राहतं आणि खालचा दाब हळूहळू चढतो. प्लंबर याला ‘पासिंग’ म्हणतात. खाली ९व्या मजल्यावर तेव्हा सात किलोच्या वर दाब होता. ही वाळू बांधकामाच्या वेळची, लाइन नीट फ्लश न केल्यामुळे राहिलेली.

तपासणी सोपी आहे. पीआरव्हीच्या पुढचा, म्हणजे आउटलेटच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि अर्धा तास दोन्ही गेज बघायचे. आउटलेटचा काटा चढला तर सीट पास होते आहे. मग वायस्ट्रेनर (लाइनमधली कचरा अडवणारी गाळणी) उघडून जाळी धुवायची, सीट आणि डायफ्रॅम बघायचे, आणि त्यानंतरच सेटिंगच्या स्क्रूला हात लावायचा. पण त्याआधी बायपासचा, म्हणजे पीआरव्हीला वळसा घालणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह बघा. आमच्या दोन झोनमध्ये पीआरव्ही ठणठणीत होते, पण कुणीतरी बायपास दोन आटे उघडा ठेवला होता. तो बंद करून साखळी-कुलूप लावलं आणि प्रश्न मिटला. गेज बदलायला कंजुषी करू नका. अडकलेल्या काट्याचा गेज नसलेल्यापेक्षा वाईट.

वरच्या तीन-चार मजल्यांचं दुखणं उलटं असतं. टाकी जेमतेम सहा-नऊ मीटर वर, म्हणजे एक किलोही दाब नाही. तिथे बूस्टर पंप आणि प्रेशर टँक लागतो. पंप दर मिनिटाला चालू-बंद होत असेल तर आधी टँकमधली हवा तपासा. पंप ज्या दाबाला सुरू होतो त्यापेक्षा हवेचा दाब ०.२ किलो कमी असावा लागतो. आमच्याकडे हवा संपली होती, आणि ‘पंप बदला’ असं कोटेशन आलं होतं.

उंच इमारतीत पाणी फुटलं की ते लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरतं, ही खरी भीती. न्यूयॉर्कमधल्या ४२६ मीटर उंच ४३२ पार्क अव्हेन्यूमध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये ६०व्या मजल्यावर जास्त दाबाच्या लाइनची फ्लँज (पाइपांच्या जोडाची चकती) फुटली, आणि पुढे २०२१ मध्ये रहिवाशांनी गळती, अडकणाऱ्या लिफ्ट आणि वाऱ्यातल्या आवाजांवरून डेव्हलपरवर दावा लावला. तिथे पैसा कमी नव्हता. म्हणून आम्ही प्रत्येक मजल्यावर डक्टच्या दाराला उंबरा आणि डक्टमध्ये निचऱ्याचं ट्रॅप मागितलं, आणि ते मिळवलं.

आता भिंती. मायव्हन फॉर्मवर्कच्या (अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) इमारतीत बाहेरच्या भिंतीही काँक्रीटच्या असतात, म्हणून गळणार नाहीत असं सांगितलं जातं. पण फॉर्मच्या दोन पत्र्यांना धरून ठेवणाऱ्या टायची भोकं भिंतीच्या आरपार असतात. ती नंतर पूर्ण खोलीपर्यंत भरायची असतात. प्रत्यक्षात अनेकदा तोंडाला मसाला चोपडून रंग मारला जातो. खालच्या मजल्यावर पाऊस वरून पडतो, तिसाव्या मजल्यावर तो वाऱ्याबरोबर आडवा येतो, आणि जुलैत नैर्ऋत्येचा वारा सुटला की दक्षिण-पश्चिमेच्या खोल्यांत ठराविक अंतरावर गोल ओले डाग उमटतात. डाग एका रांगेत आणि समान अंतरावर असतील तर टायची भोकं समजा. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरका पसरत असेल तर फ्रेमचा सीलंट किंवा खालच्या पट्टीतली बुजलेली निचऱ्याची छिद्रं.

खात्री करायला स्प्रे टेस्ट करा, पण खालून वर, एका जागी १५-२० मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. आतून वॉटरप्रूफ रंग मारून देण्याची तयारी बिल्डर लगेच दाखवतो. ती स्वीकारू नका. डाग दडतो, पाणी भिंतीतच राहतं. बाहेरून दोरीवर माणूस उतरवून भोक आतपर्यंत मोकळं करायचं, नॉन-श्रिंक ग्राउट ठासून भरायचा आणि वर इलास्टोमेरिक कोट. हे काम पावसानंतर, भिंत सुकल्यावरच.

आगीच्या यंत्रणेचं थोडक्यात, पण तिला सवलत नाही. टेरेसवरचा हायड्रंट उघडा: आधी जॉकी पंप (लाइनचा दाब टिकवणारा छोटा पंप), मग मुख्य पंप आपोआप लागला पाहिजे आणि प्रेशर साडेतीन किलोच्या खाली जाता कामा नये. मुख्य पंपाची वीज तोडा, डिझेल पंप लागला पाहिजे. आमचं पॅनेल ‘मॅन्युअल’वर होतं आणि डिझेलची बॅटरी मेलेली. अशा यंत्रणेवर जानेवारी-जुलैचा बी फॉर्म (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) घेणं म्हणजे साडेचारशे माणसांच्या जिवावर सही करणं. अग्निशमन लिफ्टने तळापासून शेवटच्या मजल्यावर एका मिनिटात पोहोचायला हवं, तेही घड्याळ लावून बघा.

प्लंबिंग आणि फायरचे ‘अॅज-बिल्ट’ नकाशे, लिफ्टचे परवाने, एसटीपीचं (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं) संमतीपत्र, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आणि पंपांची वॉरंटी कार्डं मूळ प्रतीत घ्या. एएमसी (वार्षिक देखभालीचे करार) पहिल्या दिवसापासून चालू ठेवा आणि सर्व्हिस रिपोर्ट जपा, नाहीतर प्रत्येक दोषावर ‘तुमची देखभाल नव्हती’ हे उत्तर तयार असतं.

शेवटच्या यादीत १८६ मुद्दे होते. १४१ बंद झाल्यावर त्या यंत्रणांपुरत्या सह्या केल्या. पश्चिमेच्या भिंतीची ओळ तशीच उघडी आहे. दोरीवरचं काम नोव्हेंबरात सुरू होईल, आणि ती सही पुढचा जुलै कोरडा गेल्यावरच होईल, असं बिल्डरकडून लिहून घेतलं आहे.