दिवे लागल्यावर

समीक्षकांसाठी ठेवलेला सिनेमाचा प्रेस शो संपतो, दिवे लागतात आणि पहिली दोन मिनिटं कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नाही. कुणी मोबाईल चालू करतं, कुणी खुर्चीखाली घरंगळलेलं पेन चाचपडतं. खरं तर सगळे एकाच गोष्टीची वाट बघत असतात: आधी तोंड कोण उघडतंय?

कारण जो पहिला बोलतो, तो बाकीच्यांचं मत थोडंफार बिघडवतोच. 'सेकंड हाफ ढेपाळला' असं एकाने म्हटलं की मघापर्यंत रंगून बसलेल्यालाही आपण मध्ये जांभई दिली होती ते आठवतं. टीव्हीवर 1975 पासून जोडीने सिनेमांवर वाद घालणारे शिकागोचे जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट यांना हे पक्कं ठाऊक होतं. दोघे एकमेकांशी चुरस असलेल्या वर्तमानपत्रांचे समीक्षक. चित्रीकरणाआधी ते त्या सिनेमाबद्दल आपसात बोलायचंच टाळत, म्हणजे कॅमेऱ्यासमोर उडालेली ठिणगी खरी असे. आमच्यात एवढा संयम कुणाकडे नाही. जिना उतरेपर्यंत निम्मा निकाल लागलेला असतो.

आणि काय भाषा असते ती! 'झोप लागली राव' हे छापताना 'गती किंचित संथ आहे' होतं. 'हिरोला येतं काय?' याचं 'नायकाला फारसा वाव मिळालेला नाही'. सगळ्यात हुकमी वाक्य म्हणजे 'एकदा बघायला हरकत नाही'. हरकत तशी कशालाच नसते. मीही ते इतक्यांदा लिहिलंय की माझ्यावर आता एक दंड बसायला हवा.

आकड्यांचं तर विचारूच नका. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर 60 टक्के किंवा त्याहून जास्त परीक्षणं अनुकूल असली की सिनेमा 'ताजा' ठरतो. आता समजा दहाच्या दहा जण म्हणाले, 'बरा आहे.' झाले 100 टक्के. दुसरा सिनेमा सहा जणांनी डोक्यावर घेतला आणि चौघांनी आपटला, त्याचे 60. पण जिन्यात तासभर भांडण होतं ते या दुसऱ्यावरच. पहिल्याचं नावही घराच्या दारापर्यंत लक्षात राहत नाही.

परवाचीच गोष्ट. अंधारात लिहिलेली माझी वही उघडली तर ओळीवर ओळ चढलेली, आणि वाचता येण्यासारखं एवढंच: 'जिना. पुन्हा जिना.' मला काय म्हणायचं होतं कोण जाणे. शेजारचा मित्र वहीत डोकावला आणि एकदम म्हणाला, "अरे, ती प्रत्येक वेळी जिना उतरतानाच दिसते. चढताना एकदाही नाही!" आम्ही दोघं तिथेच थबकलो. अख्खा सिनेमा अचानक वेगळा दिसायला लागला. बाईचं घर वर, नोकरी खाली आणि परत येण्याचा एकही शॉट नाही. हे दिग्दर्शकाने मुद्दाम केलं की संकलनात कापलं गेलं, यावर आमचा वीस मिनिटं काथ्याकूट. तो शोध त्याचा की माझा, हे मात्र ठरलं नाही. शुक्रवारी दोन परीक्षणांत तो जिना आला आणि दोघांनीही तो आपापल्या नावावर चढवला.

त्या दिवशी आमच्यातल्या ज्येष्ठ बाई नेहमीसारख्या गप्प होत्या. त्या वही आणतच नाहीत. आमचं उतरण्या-चढण्याचं तत्त्वज्ञान सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पर्स खांद्याला लावली आणि विचारलं, "सगळं खरं रे, पण तिच्या धाकट्या भावाचं शेवटी झालं काय?"

कुणालाच आठवेना. आम्ही सगळ्यांनी वह्या उघडल्या. माझ्या वहीत जिना होता.