तुम्ही विचारलंत म्हणून : त्या जेलला कळतं कसं?

मी जेल बनवते असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला : "म्हणजे केसांना लावतात ते?" तो मी हसून सोडून देते. माझं जेल तापलं की आक्रसतं, आंबट पाण्यात एक आणि साध्या पाण्यात दुसरंच वागतं, एवढं ऐकल्यावर येणारा दुसरा प्रश्न मात्र खरा असतो. आत्या, दातांच्या डॉक्टर, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांनी तोच विचारलाय : "पण त्याला कळतं कसं?"

कळत नाही. मलाही हे नीट उमगलं ते पुण्यातल्या एका मे महिन्यात, एसी बंद पडलेल्या प्रयोगशाळेत.

आमच्या पॉलिमरचं, म्हणजे सारख्या कड्या जोडून झालेल्या लांब साखळीच्या रेणूचं, नाव पॉली-एन-आयसोप्रोपिल-ॲक्रिलामाइड. एवढं बोलायला कुणाला वेळ नसतो, म्हणून सगळे 'पी-नायपॅम' म्हणतात. मोनोमर, म्हणजे साखळीची सुटी कडी, पाण्यात विरघळवायचा, साखळ्या एकमेकींना सांधणारं बिसॲक्रिलामाइड घालायचं, अर्धा तास नायट्रोजनचे बुडबुडे सोडायचे (ऑक्सिजन राहिला तर जेल धरतच नाही, यात माझे दोन महिने गेलेत), मग सगळं बर्फात ठेवून शेवटी कड्या जुळायला सुरुवात करून देणारे अमोनियम परसल्फेट आणि टेमेडचे थेंब. त्या दिवशी पहिल्यांदाच जेल मनासारखं झालं. रुपयाएवढी चकती, शिजलेल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक. काचेच्या बशीत ठेवली आणि डबा खायला गेले.

परत येते तर बशीत ओल्या खोबऱ्यासारखी पांढरीफेक, आक्रसलेली चकती आणि तिच्याभोवती पाण्याचे थेंब. बिघडलं, असंच वाटलं. नळाखाली धरली, फरक नाही. फेकणार होते. माठातलं पाणी प्यायला घेतलं होतं, त्यातलंच थोडं चिडून बशीत ओतलं. चकतीची कड निवळायला लागली. पांढरा भाग आत आत सरकत गेला, मधे ठिपक्याएवढा उरला आणि मिनिटभरात तोही गेला.

नळाच्या पाण्याने का नाही? कारण ते गच्चीवरच्या टाकीतलं होतं, मे महिन्यातल्या दुपारचं. या पॉलिमरची सीमा साधारण 32 अंशांवर : त्याखाली फुगलेलं, त्यावर मिटलेलं. माझं टेबल, माझा नळ, दोन्ही सीमेपलीकडे. माठ तेवढा अलीकडे.

आता 'कसं' ते. या साखळीच्या प्रत्येक कडीला एक भाग पाण्याशी गोत्र जुळणारा आणि एक तेलकट. गार असताना पाण्याचे रेणू त्या तेलकट भागाभोवतीही रांग धरून उभे राहतात. पंगतीत पाहुण्यांनी अंग चोरून बसावं तसे. तापमान वाढलं की ही शिस्त पाण्याला परवडत नाही. मोकळं फिरण्याची ओढ जिंकते. पाणी उठून गेलं की उघडे पडलेले तेलकट भाग एकमेकांना धरून बसतात आणि चकती मिटते. म्हणजे जे काही होतं ते पाण्याचं होतं. खरवसही उष्णतेनेच धरतो, पण तो गार करून पुन्हा चीक होत नाही. हे परत येतं.

आंबटपणाची गोष्ट वेगळी. त्यासाठी साखळीत ॲक्रिलिक ॲसिडच्या कड्या घालतात. आम्लात त्या आपला प्रोटॉन (धन भाराचा हायड्रोजन) धरून ठेवतात, निर्भार असतात, जेल मिटलेलं राहतं. आम्ल कमी झालं की प्रोटॉन सुटतो, कड्यांवर ऋण भार येतो, त्या एकमेकींना ढकलतात आणि भाराच्या मागोमाग पाणी आत शिरतं. जठरात मिटलेलं, आतड्यात फुगलेलं. ही युक्ती तुमच्या औषधाच्या डब्यातही असते : पँटोप्राझोलच्या गोळीवरचं आवरण अशाच आम्लगटांच्या जोरावर जठर पार करतं आणि पुढे विरघळतं. ते जेल नव्हे, पण जातकुळी तीच. म्हणून ती गोळी चावायची नाही.

मग दोन्ही एकत्र का नाही करत? करतो, आणि तिथेच आमचं आयुष्य जातं. ॲक्रिलिक ॲसिड जरा जास्त झालं की साध्या पाण्यात साखळ्या इतक्या भारलेल्या होतात की तापवलं तरी मिटायला तयार नसतात. एकाने दार लावायचं, दुसऱ्याने पाय घालून ठेवायचा. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात चेन आणि हॉफमन यांनी 1995 मध्ये यावर सुरेख तोड काढली : दोन्ही प्रकारच्या कड्या एका साखळीत मिसळायच्याच नाहीत. कणा आम्लाचा आणि त्याला पी-नायपॅमच्या फांद्या. दोघं शेजारी, पण चुली वेगळ्या. मला विचाराल तर या विषयातली सर्वांत शहाणी कल्पना हीच.

'स्मार्ट' हा शब्द मी हल्ली वापरत नाही. जेल आळशी असतं. माझी चकती निवळली मिनिटात, पण पूर्ण फुगायला संध्याकाळ झाली. जाडी दुप्पट केली की वेळ चौपट. म्हणूनच उपयोग साधला तो अगदी पातळ थरांनी. जपानमध्ये तेरुओ ओकानो यांच्या गटाने पेशी वाढवायच्या बशीवर पी-नायपॅमचा तलम थर बसवला. 37 अंशांना पेशी चिकटून वाढतात. बशी गार केली की थर पाणी पितो आणि पेशींचा सबंध पापुद्रा न फाटता सुटून येतो. असेच पापुद्रे, रुग्णांच्या स्वतःच्या तोंडातल्या पेशींचे, चार जणांच्या बुबुळावर बसवल्याचं 2004 मध्ये प्रसिद्ध झालं.

माझी ती चकती अजून आहे. आठवडाभर पाणी बदलून धुतली, उरलासुरला मोनोमर काढला आणि पाण्यासकट झाकणाच्या बरणीत बंद करून घरी आणली. स्वयंपाकघराच्या खिडकीत असते. कसं कळतं, हे आईने कधी विचारलं नाही. मागच्या उन्हाळ्यात फोनवर एवढंच म्हणाली, "आज अकरालाच पांढरी झाली गं. माठ दुसऱ्यांदा भरून ठेवलाय."