खराट्याची काडी

अमृतमहोत्सवाचं पत्र आलं. 'शाळेविषयी चार शब्द लिहा' अशी त्यात विनंती होती. शाळेविषयी बाकीचे लिहितीलच, मी सरांविषयी लिहितो. कोणते सर, हे आमच्या काळच्या कुणाला सांगायला नको. बीजगणित आणि भूमिती दोन्ही त्यांच्याकडे, आणि तास कौलारू इमारतीतल्या शेवटच्या खोलीत.

शाब्दिक उदाहरणांना आम्ही टरकून असायचो. नुसतं समीकरण दिलं तर पोरं फडाफड सोडवायची. पण वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट, पाच वर्षांनी अडीचपट, असं काही आलं की माना खाली. सरांचा जोर उत्तरापेक्षा ताळ्यावर. तोही समीकरणात नाही, उदाहरणात करायचा. "समीकरण तूच मांडलंस, ते तुझ्याच बाजूने साक्ष देणार," असं म्हणायचे.

नववीत पायथागोरस चालू असताना त्यांनी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं गणित घातलं. ३२ हात उंच वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला, तर वेळू किती उंचीवर मोडला? आमचा पहिला नंबर (आता मोठा डॉक्टर आहे, म्हणून नाव लिहीत नाही) फळ्याकडे गेला. कर्ण क्ष धरला. क्ष² = (३२ − क्ष)² + १६². दोन्हीकडचे क्ष² गेले, ६४क्ष = १२८०, क्ष = २०. मग झोकात लिहिलं, 'वेळू २० हात उंचीवर मोडला.' समीकरणात २० घालून ताळाही दाखवला. जुळला!

सर काहीच बोलले नाहीत. कोपऱ्यातल्या खराट्यातून एक काडी उपसली, मध्याच्या जरा वर मोडली, पण तुटू दिली नाही, आणि टेबलावर उभी धरली. खालचा भाग लांब, वरचा आखूड. वरचा तुकडा अधांतरी लोंबकळत राहिला. "वीसावर मोडला तर वर उरले बारा. आता हा शेंडा टेकवून दाखव." वर्ग खदखदून हसला. समीकरण चोख होतं, पण २० हात होता तो मोडून पडलेला भाग. बुंधा १२ हातांचाच.

त्याच वर्षी सहल पाटणादेवीला गेली. आचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख तिथे आहे. सगळे डब्यांवर तुटून पडले होते आणि सर त्या दगडापुढे चप्पल काढून उभे.

पुढे मी पाटबंधारे खात्यात लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. अंदाजपत्रक समोर आलं की आधी जागेवर जाऊन यायचो. हाताखालची मंडळी वैतागायची. आज नातीच्या क्लासमध्ये उदाहरणांचे 'टाइप' पाठ करून घेतात. वयाचा टाइप, बोटीचा टाइप, मनोऱ्याचा टाइप. मार्क पडतात, हे मान्य. पण मनोऱ्याची उंची ऋण आली तरी ती पोर निर्धास्तपणे चौकट करून मोकळी होते. सरांनी वही खिडकीबाहेर भिरकावली असती.

सरांच्या नावे दहावीच्या गणितासाठी पारितोषिक ठेवायचं आमच्या बॅचने ठरवलं आहे. ते सर्वाधिक गुणांना देऊ नये, असं मी समितीला लेखी कळवलंय. एकच शाब्दिक उदाहरण घालावं आणि जो उदाहरणाच्या शब्दांत ताळा लिहील त्याला द्यावं. समितीचं म्हणणं, असं तपासायला शिक्षकांना वेळ नाही. मी निवृत्त आहे, पेपर माझ्याकडे पाठवावेत.