थोरल्याचा पाय

दुपारची वेळ. कोंबड्या झाडाखाली अंगावर धूळ उडवून घेत पसरल्या होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत बसले होते, म्हणजे काहीच करत नव्हते. नजर सहज जमिनीवर गेली. मऊ धुळीत कोंबड्याच्या पंजांचे ठसे उमटले होते. डावा ठसा खोल: तीन बोटं पुढे, एक मागे, नखांसकट स्पष्ट. उजवा जेमतेम. दोन नखांचे ओरखडे आणि तिथून पुढच्या ठशापर्यंत ओढलेली एक बारीक रेघ. कोणीतरी पाय ओढत चाललं होतं. वर बघितलं तर थोरला उभा. छाती काढून, मान ताठ, तुरा लालबुंद. मी बघतेय हे कळल्यावर तर स्वारीने काही पावलं मुद्दाम ऐटीत टाकली. मी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत राहिले. उजवा पाय टेकला की अंग किंचित डावीकडे कलत होतं.

आमच्याकडे दोन कोंबडे आहेत, थोरला आणि धाकटा. बाकी सगळा बायकांचा कारभार.

दुखणं लपवण्यात पक्ष्यांचा हात कोणी धरणार नाही. कळपात कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. श्येल्डरुप-एब्बे नावाच्या एका नॉर्वेजियन माणसाने लहानपणापासून कोंबड्या निरखल्या आणि १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ही उतरंड नीट मांडून दाखवली. कोंबड्या पाळणाऱ्या कोणत्याही बाईने त्याला हे आधीच सांगितलं असतं, पण तिला कोणी विचारलं नसावं. उतरंडीच्या तळाशी असलेल्याने लंगडून दाखवलं तर फार तर चार टोचे जास्त बसतात. थोरला वरच्या टोकाला. त्याला लंगडणं परवडत नाही. त्यामुळे तो लंगडताना दिसला याचा अर्थ पाय बऱ्याच आधीपासून दुखत असणार, असं धरून चालावं लागतं.

कोंबड्याला दिवसा धरायला जाणं म्हणजे दुखऱ्या पायाने त्याला पळायला लावणं. म्हणून दिवेलागण होऊ दिली. अंधार पडला की सगळ्यात मग्रूर कोंबडाही मुकाट्याने हातात येतो. मांडीवर घेतला, पंख काखेशी दाबून धरले आणि विजेरी लावून पाय बघायला बसले. आधी तळवा. तिथे काळी खपली आणि खाली टणक गाठ असेल तर आत पू धरलेला असतो, आणि पक्ष्यांचा पू आपल्यासारखा वाहता नसतो, घट्ट आणि कोरडा असतो, त्यामुळे नुसता दाबून निघत नाही. तळवा स्वच्छ होता. मग नडगीवरचे खवले. ते उचललेले, खडबडीत झालेले असतील, खाली पांढरी पूड असेल तर खरजेचे बारीक किडे आत शिरलेले असतात. तेही नव्हतं. मागचा काटा वाढून दुसऱ्या पायाला लागत नव्हता.

मग सांधा. कोंबडीचा गुडघा उलटा वाकतो असं मी लहानपणी छातीठोकपणे सगळ्यांना सांगत असे. तो गुडघा नसतोच. ती तिची टाच. खरा गुडघा वर, पिसांत दडलेला. कोंबडी जन्मभर बोटांवर चालते आणि टाच हवेत ठेवते. थोरल्याची उजवी टाच हाताला गरम लागली. आता कोंबडीच्या अंगाचं तापमानच मुळी ४१-४२ अंश सेल्सिअस, त्यामुळे धडधाकट पक्षीही आपल्या हाताला तापलेलाच वाटतो. एका पायावरून काही ठरवता येत नाही. एका हाताच्या मुठीत डावी टाच, दुसऱ्यात उजवी, असं डोळे मिटून धरून बसलं की फरक कळतो. उजवी जास्त गरम होती आणि जराशी फुगलेलीही. थोरला या सगळ्या वेळात माझ्या कोपराकडे अत्यंत तुच्छतेने बघत होता.

मुरगळला असणार. उंच दांडीवरून उडी मारणारे जाडजूड कोंबडे असे पाय मुरगळून घेतातच. पण ‘असणार’वर झोप लागत नाही, कारण लंगडणं या एका लक्षणाच्या मागे भलतीच मंडळी उभी असतात. त्यातलं सगळ्यात वाईट नाव मारेक, विषाणूचा आजार. बुडापेस्टचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ साली पाय आणि पंख लुळे पडलेल्या चार कोंबड्यांचं वर्णन लिहून ठेवलं. नर कोंबड्यांचं, माद्यांचं नव्हे. हे वाचल्यापासून मला उगीचच जास्त भीती वाटते. हा विषाणू नसांमध्ये बसतो. पिसांच्या कोंड्यातून पसरतो आणि तो कोंडा खुराड्यात महिनोन्‌महिने टिकतो. लस असते, पण ती पिल्लू अंड्यातून बाहेर आल्या आल्या द्यायची, नंतर फारसा उपयोग नाही. त्या आजारातली बसण्याची एक तऱ्हा ओळखीची आहे: एक पाय पुढे ताणलेला, एक मागे. विशेषतः तरण्या पक्ष्यांना गाठतो. थोरला काही तरणा राहिलेला नाही. पण वय विचारून आजार येतात असं थोडंच आहे.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांधा चाचपला, पंजाची बोटं हलकेच दाबली, त्याने पाय झटक्यात आखडून घेतला, तेव्हा ते खूश झाले. नसा शाबूत आहेत म्हणाले. घरातल्या माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या कुटून द्यायच्या नाहीत हेही बजावलं, बहुधा माझा चेहरा वाचून. विश्रांती, एवढंच औषध. आणि जाता जाता म्हणाले, “याची काळजी करू नका हो. एक लंगडला तर पाय बिघडलाय. दुसरं कोणी लंगडलं तर मला लगेच फोन करा.”

झालं. त्या शेवटच्या वाक्याने माझी शांतता गेली.

थोरल्याची सोय सोपी होती. खुराड्यातच जाळीचा एक कोपरा आडवा बंद केला, खाली भुशाचा जाड थर, दांडी काढून टाकली, दाणापाणी चोचीच्या टप्प्यात. जाळीतून सगळ्यांना तो दिसला पाहिजे. खोकला-सर्दीचा संशय असता तर लांब, वेगळ्या हवेत ठेवावा लागला असता. पाय मुरगळलेल्याला मात्र नजरेआड केला की परत येताना त्याला पाहुण्यासारखं वागवतात, आणि कोंबड्यांत पाहुणचार चोचीने होतो. बंदिस्त झाल्यावर तो उपाशी बसेल असं मला वाटलं होतं. त्याने काय करावं? भांड्यातला चांगला टपोरा दाणा उचलायचा, जाळीशी आणून खाली टाकायचा आणि ‘टुक टुक टुक’ करत कोंबड्यांना बोलवायचं. कवडी नावाची कोंबडी आली. जाळीतून मान घालून तिने तो खाल्ला आणि निघून गेली. त्याने दुसरा आणून ठेवला. असं बराच वेळ चाललं. मी शेवटी भांडं पुन्हा भरलं, कारण हा स्वतः खातोय की नाही तेच समजेना.

त्यासाठी छातीचं हाड चाचपायचं. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर ठीक, हाडाची धार बोटाला लागायला लागली की पिसांच्या आत पक्षी वाळतोय. पिसं फार फसवतात. रोज संध्याकाळी बोट फिरवत होते. धार लागली नाही.

आणि मग बाकीच्या. सकाळी खुराडं उघडलं की मी दारात उभी. कोण उडी मारून येतं, कोण उतरून येतं. कोणाचा तुरा फिका, कोणाचा निळसर. कोण अंग फुगवून कोपऱ्यात उभी. पाण्याचं भांडं किती रिकामं झालं, कारण कोंबडी दाण्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते आणि कळपाचं बिनसलं की पाण्याचा हिशेब आधी चुकतो. आणि हो, शिट. त्याबद्दल चारचौघांत बोलू नये असं घरच्यांचं मत आहे. पण हिरवट-पिवळी, पाण्यासारखी, रक्त असलेली, यातली प्रत्येक वेगळं काहीतरी सांगते. वरचा पांढरा भाग ही लघवी, पक्ष्यांना वेगळी सोय नाही. मधूनच एखादी चॉकलेटी, चिकट आणि अशक्य घाणेरड्या वासाची सापडते, ती बघून नवखे हादरतात. ती अगदी निरोगी असते. “आई, तू पुन्हा शी बघतेयस?” असं लेकीने खिडकीतून ओरडून विचारलं तेव्हा पलीकडून कोणीतरी जात होतं. मी ‘हो’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

माझ्या आजीला यातलं काही पुस्तकातून माहीत नव्हतं. संध्याकाळी ती खुराड्याच्या दाराशी बसायची आणि मी कंदील धरायची. एकेक कोंबडी तिच्या हाताखालून आत जायची. आत ढकलताना ती प्रत्येकीच्या गळ्याखालच्या पिशवीवरून नुसता हात फिरवायची, बोलणं दुसऱ्याच कशाबद्दल तरी चालू असायचं, आणि मध्येच म्हणायची, “ही आज जेवली नाही.” संध्याकाळी ती पिशवी दाण्यांनी टच्च हवी आणि सकाळी रिकामी, एवढंच गणित. जी जेवलेली नसेल ती त्या रात्री डालग्याखाली वेगळी. मला वाटायचं आजीला कोंबड्यांची भाषा येते. मी कंदील वाकडा धरायचे, कारण मला आतले डोळे चमकताना बघायचे असायचे. त्यावरून बोलणी खायचे.

एका वर्षी तिच्या हातालाही काही कळलं नाही. मानमोडी आली. सकाळी खुराडं उघडलं तर काही तशाच पडलेल्या, काहींच्या माना पाठीवर वळलेल्या, आणि एक गोल गोल फिरत होती, थांबत नव्हती. राणीखेत रोग म्हणजे हाच, हे मला फार नंतर कळलं. आलं की औषध नाही, आधी दिलेली लस हाच काय तो उपाय. आजीने सगळ्या खोल पुरल्या. खुराड्याचं दार बरेच दिवस उघडंच होतं. संध्याकाळी कंदील लावायचा, पण धरायचा कुठे?

असो.

या निरीक्षणाचा एक वाईट परिणाम म्हणजे ते खुराड्यापुरतं राहत नाही. रांगेत उभी असले की मी पुढच्या माणसाचे पाय बघते. कोण कुठल्या पायावर भार देतंय, कोणाचा चेहरा फिका, कोण नेहमीपेक्षा अंग चोरून उभं. शेजारच्या काकांना मी एकदा सहज विचारलं की डावा गुडघा कधीपासून दुखतोय. ते दचकले. त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

रात्री मी विजेरी घेऊन खुराड्याबाहेर उभी राहायला लागले. पेटवायची नाही, नुसती हातात. दिवसभराच्या कलकलाटात छातीतली घरघर ऐकू येत नाही. सगळ्या दांडीवर बसून गप्प झाल्या की येते. नाकात वासही घ्यायचा. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास आला तर भुसा ओला आहे, आणि ओल्या भुशात रक्ती हगवणीची बीजं पिकतात. भुसा कोरडा होता. आतून फक्त झोपेतली कुरकुर, आणि कोणीतरी कोणाला तरी सरकवल्याचा धप्प आवाज.

दुसरं कोणी लंगडलं नाही.

थोरला बरा झाला, म्हणजे चालतो. घाईत असला की पाय अजून जरा चुकतो. दांडी मी खाली आणून बसवली, ती बाकीच्यांना पसंत नाही, पण त्यांना विचारतंय कोण. जाळी काढली त्या दिवशी धाकट्याशी दोन-तीन झटापटी झाल्या, पिसं उडाली, रक्त नाही. कोण जिंकलं ते मला अंगणात कळलं नाही. ते पहाटे कळलं. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलंय की पहाटे आधी आरवायचा मान कळपातल्या सर्वांत वरच्या कोंबड्याचा, बाकीचे त्याच्या मागून, उतरत्या क्रमाने. वरच्याला काढून नेलं की दुसरा सुरुवात करतो. मी अंथरुणात पडून ऐकत होते. आधी धाकटा आरवला, पातळ, फाटक्या आवाजात. मग थोरला. त्याला त्याचं काही वाटत असेल असं दिसत नाही, दिवसभर दाणे वाटत फिरतो. मलाच राग आला होता, आणि तो कोणावर काढायचा हे ठरेना.

काल दुपारी एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, शिंकली. एकदाच. भुसा नुकताच बदलला होता, धूळ असणार, दुसरं काही नसणार. विजेरीचे सेल मात्र बदलून ठेवलेत.