आमची वाटचाल : तुटलेल्या क्रँकपासून डॅम्परपर्यंत

इंदूरमधलं आमचं दुकान मुळात क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) ग्राइंडिंगचं. मेन आणि बिगएंडचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) अंडरसाइझला, म्हणजे मूळ मापापेक्षा लहान, घासायचे, फिलेटचा (जर्नलच्या कडेच्या कोपऱ्याचा) गोलवा राखायचा, पॉलिश करून द्यायचं. डॅम्परच्या कामाकडे वळलो ते तुटक्या क्रँकमुळे. सहा सिलिंडरच्या जुन्या डिझेल इंजिनांचे क्रँक येत आणि भेग बरेचदा एकाच तऱ्हेची असे: फिलेटपासून किंवा तेलाच्या भोकापासून निघून जर्नलवर ४५ अंशांत तिरकी गेलेली. वाकल्याने येणारी भेग बहुधा वेबमधून (जर्नल जोडणाऱ्या भागातून) आडवी जाते. तिरकी भेग पिळाची. तो पीळ आवरणारा डॅम्पर मात्र गिऱ्हाईक सोबत आणत नसे.

चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडर इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्यात तीन पॉवर स्ट्रोक होतात. जनरेटर १५०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) चालला की सेकंदाला ७५ धक्के. दर धक्क्याला क्रँक किंचित पिळतो आणि सुटतो. मागे फ्लायव्हील जड असल्याने तिकडची बाजू स्थिर राहते, पुढचं मोकळं टोक सगळ्यात जास्त हलतं. म्हणून डॅम्पर पुढे, पट्ट्याच्या पुलीपाशी. आत क्रँकला बसणारा हब, बाहेर जड रिंग, मध्ये रबर. रिंग एका गतीने फिरत राहते, हब थरथरतो आणि ती थरथर रबरात उष्णता होऊन जिरते. रबर सुटलं की थरथर जिरत नाही, वर रिंग स्वतःच डोलू लागते. पट्टा एका कडेने झिजतो, पुढचा ऑइल सील गळतो, अल्टरनेटरचा ब्रॅकेट तडकतो, टायमिंग गिअर वाजतात. लोक हे सगळं एकेक करून बदलतात आणि डॅम्पर तसाच राहतो.

"पुली आऊट चालतेय" (डोलत फिरतेय) अशी तक्रार आली की आम्ही आधी एवढंच ठरवतो की नक्की काय आऊट आहे: पट्ट्याची पत्र्याची पुली, डॅम्परची रिंग, हब की क्रँकचं नाक (पुढचं टोक). डोळ्याला चारही सारखंच दिसतं. इंजिन बंद करून हब, रबर आणि रिंग यांच्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढायची. इंजिन लोडवर चालवून बंद केल्यावर रेघ तुटलेली दिसली तर रिंग सरकली, पुढे शोधायची गरज नाही. कमिन्स बी सिरीज इंजिनांच्या डॅम्परवर अशा खुणा मुळातच असतात, त्या १.५९ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकल्या तर डॅम्पर बाद. रबराचे तुकडे गेले असतील किंवा रबर धातूच्या पातळीपेक्षा ३.१८ मिलिमीटरहून खाली बसलं असेल तरी बाद.

रेघ शाबूत असेल तर डोलणं मोजायला डायल गेज. पट्टा काढायचा. टायमिंग कव्हर अॅल्युमिनियमचं असलं तर गेजच्या स्टँडचा मॅग्नेट धरत नाही. कव्हरच्या बोल्टवर लोखंडी पट्टी कसून तिच्यावर स्टँड लावायचा. गेज आधी हबच्या तोंडावर, मग रिंगच्या तोंडावर, शेवटी रिंगच्या घेरावर. ९० अंशांवर चार रीडिंग, आणि प्रत्येक रीडिंगआधी क्रँक एकाच दिशेला पूर्ण दाबून धरायचा. हे दाबणं इथे सर्रास राहून जातं. मग क्रँकची एंड प्ले (पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) रीडिंगमध्ये मिसळते आणि चांगला डॅम्पर भंगारात जातो.

हब सरळ आणि रिंग आऊट असेल तर दोष रबराचा. हबही आऊट असेल तर तो उतरवून गेज थेट क्रँकच्या नाकावर लावायचा. नाक सरळ निघालं तर हबच्या बैठकीत बर (धातूचा उठलेला कंगोरा), रंग किंवा कचरा आहे, नाहीतर चावीचा गाळा (खाच) झिजलाय. बैठकीवर गंजासारखी तांबूस पूड दिसली तर बोल्ट ढिले राहून हब आतल्या आत घासत होता. नाकच आऊट असेल तर इंजिन उघडावं लागतं. तिथे नवा डॅम्पर लावणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात.

टायमिंगची खूण रिंगवर असलेल्या इंजिनात आणखी एक घोटाळा होतो. रिंग सरकली की खूणही सरकते, आणि त्या खुणेवर डिझेलचा पंप लावला की इंजिन धूर मारतं किंवा ठोकतं. अशा वेळी एक नंबरच्या पिस्टनवरून टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतानाची जागा) नव्याने काढतो.

सिलिकॉन भरलेला व्हिस्कस डॅम्पर वेगळ्या जातीचा. तो बाद झाला तरी डोलेलच असं नाही. आतलं सिलिकॉन घट्ट झालं की बाहेरून काही कळत नाही. त्याचा रंग खरवडून ९० अंशांवर चार ठिकाणी जाडी मोजतो. फरक ०.२५ मिलिमीटरपेक्षा जास्त म्हणजे कवच फुगलंय. गळती बारीक असेल तर क्रॅक तपासायचा पांढरा डेव्हलपर मारून ओव्हनमध्ये ९३ अंश सेल्सिअसला ठेवतो, डाग उमटतो.

रिंगला वेल्डिंगचे टाके मारून द्या, असं अजूनही सांगतात. ते आम्ही करत नाही. टाके मारले की डोलणं थांबतं, पण क्रँकच्या टोकाला नुसतं वजन उरतं आणि पीळ जिरवणारं काहीच राहत नाही. डोलणारी रिंग निदान दिसते तरी. लेथवर रिंग घासून सरळ करून देणंही तसंच, रबर मेलेलंच राहतं आणि वजन बदलतं.

उतरवताना जबड्याचा पुलर रिंगच्या कडेला अडकवला की चांगलं रबरही सुटतं. पुलर हबच्या आट्यांत लावावा, हातोडा नको. बसवताना बैठक साफ, कोरडी. कमिन्सच्या ६बीटी इंजिनाचे चार बोल्ट १२५ न्यूटन-मीटरला, आमनेसामने आळीपाळीने कसायचे. पुढचा ऑइल सील गळत असेल तर तो आधी बदलावा, नाहीतर डिझेल-ऑइल खाऊन नवं रबरही फुगून मऊ होतं.

मालवाहू गाड्या आणि सोयाबीन कारखान्यांचे जनरेटर असं दोन्हीकडचं काम आता येतं. गाडीच्या डॅम्परवर मार पडतो तो जास्त करून उतारावर. घाटातून भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये उतरताना इंजिन ठरलेल्या आरपीएमच्या वर ढकललं जातं. म्हणून ड्रायव्हर उतारावर किती आरपीएमला सोडतो, हे आम्ही विचारतोच.

डॅम्पर पाठवताना हब, वॉशर, चावी आणि सगळे बोल्ट सोबत द्या. क्रँक ग्राइंडिंगला आला असेल तर डॅम्पर त्याच्याबरोबरच पाठवा. तपासून होईपर्यंत आम्ही क्रँक परत देत नाही.