ही उरलीच कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नेहमीचाच आहे. बेळगावात उद्यमबागेत ओतकामाचे पॅटर्न बनवणारा माणूस मी. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या युरोपातल्या प्रोटोटाइप गाड्या, म्हणजे उत्पादनाआधी चाचणीसाठी बनवलेल्या गाड्या, ओळखायला कुठून शिकलो? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच : "आमच्या शेडमध्ये एक जुनी गाडी आहे, तिच्यावर कंपनीचं नाव नाही. ती तसलीच असेल का?"

पहिल्याचं उत्तर आमच्या फौंड्रीत आहे. नवा नग ओतायचा म्हणजे आधी लाकडी पॅटर्न, मग वाळूचा साचा, मग दोन-चार ट्रायल. ट्रायलचा नग मोजतात, कापून आत पोकळी राहिली का ते बघतात, आणि काम झालं की तो परत भट्टीत जातो. वडिलांनी असे शेकडो नग भट्टीत जाताना पाहिले. घरी आणला तो एकच. पंपाची केसिंग, आतला कोअर (पोकळी राखणारा वाळूचा गाभा) हललेला, त्यामुळे एकीकडे भिंत जाड आणि दुसरीकडे पातळ. माझी थोरली बहीण जन्मली त्या दिवशीचा तो नग. वडिलांनी त्यावर पंचाने तारीख मारली आणि सायकलच्या कॅरियरला बांधून आणला. आजही तो आमच्या देवघराखालच्या फळीवर आहे.

प्रोटोटाइप गाडीचं नशीब ट्रायलच्या नगासारखंच असतं. ती मोडण्यासाठीच बनते. म्हणून कुणी जुन्या गाडीला प्रोटोटाइप म्हणालं की मी तिचा आकार नंतर बघतो. आधी विचारतो, ही उरलीच कशी?

फोक्सवॅगनचंच बघा. १९३७ मध्ये डेमलर-बेंझने फर्डिनांड पोर्श या इंजिनिअरच्या आराखड्यावरून डब्ल्यू-३० नावाच्या तीस गाड्या बनवल्या आणि त्या लाखो किलोमीटर पळवून पळवून तपासल्या. मागे काच नाही, दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला. पुढच्या वर्षीच्या व्हीडब्ल्यू-३८ मध्ये बिजागऱ्या पुढे आल्या आणि मागे दोन भागांची काच बसली. या दोन खुणा माहीत असल्या की जुन्या फोटोत दोन्ही पिढ्या वेगळ्या काढता येतात. पण तीस गाड्या बनल्या म्हणजे तीस उरल्या असं नाही. चाचणी संपली आणि बहुतेक मोडीत गेल्या. त्याआधी, १९३२ मध्ये, याच पोर्शने झुंडाप या जर्मन मोटारसायकल कंपनीसाठी तीन गाड्या केल्या होत्या, पाच सिलिंडर ताऱ्यासारखे मांडलेल्या इंजिनाच्या. त्यांतली एकही युद्धातून वाचली नाही. एनएसयू या दुसऱ्या जर्मन कंपनीसाठी केलेल्या तिघींपैकी एक वाचली. चेकोस्लोव्हाकियातल्या टाट्राची व्ही-५७०, १९३३ ची, कोप्रिव्हनित्सेच्या संग्रहालयात आहे, कारण कारखान्याने ती स्वतःच जपली.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती सित्रोएन या फ्रेंच कंपनीची टीपीव्ही, पुढे जिची टूसीव्ही ही गाडी झाली. १९३९ मध्ये तिच्या सुमारे अडीचशे गाड्या तयार होत्या. पुढे दिवा एकच. युद्ध सुरू झालं, जर्मनांच्या हाती लागू नये म्हणून बहुतेक मोडल्या गेल्या आणि मोजक्या लपवल्या गेल्या. १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये ला फेर्ते-विदामच्या चाचणी केंद्रात एका जुन्या कोठाराच्या माळ्यावर तीन सापडल्या. कुणीतरी त्या वर चढवल्या असणार आणि तोंड मिटून बसला असणार. तो फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला देवघराखालची केसिंग आठवली.

आपल्या देशाशी जोडलेलंही एक उदाहरण आहे. रोल्स-रॉइसने १९२८ मध्ये फँटम-१ च्या चासीवर, म्हणजे बॉडीखालच्या सांगाड्यावर, १७ईएक्स बनवली. ईएक्स म्हणजे एक्सपरिमेंटल. हलकी, होडीसारख्या निमुळत्या शेपटीची बॉडी जार्विस या बॉडी बनवणाऱ्या कारखान्याची. चाचणी झाल्यावर ती मोडली नाही. काश्मीरच्या महाराज हरिसिंगांनी विकत घेतली. इथे ओळख पटवायला आकाराची गरजच नाही, प्रयोगाचा नंबर चासीबरोबर चालत आला आहे. याउलट कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती ज्या जर्मन मेबॅक गाडीतून येतात, ती पाहायला मी लहानपणापासून जातो. ती गाडी दुर्मीळ आहे, पण प्रोटोटाइप नव्हे. मेबॅक चासी विकायची आणि बॉडी गिऱ्हाइकाच्या पसंतीने दुसरा कारखाना बनवायचा. एकुलती एक असणं आणि पहिली चाचणीची असणं, यांतला फरक लोकांना पटवताना मला फार वेळ लागतो. पण तो पटवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मग हात लावून काय बघायचं? प्रोटोटाइपवर हातकाम दिसतं. पत्रा प्रेसमधून आलेला नसतो, लाकडी ठोकळ्यावर ठोकून घडवलेला असतो. दाराच्या आतून बोट फिरवलं की हातोडीचे उथळ खळगे लागतात. ओतीव भाग वाळूतले असतात. उत्पादनातल्या नगावर पार्ट नंबर उठावाचा असतो, कारण तो पॅटर्नलाच असतो. चाचणीच्या नगावर तो बहुधा पंचाने मागाहून मारलेला. पंचाने मारलेले आकडे एका रेषेत बसत नाहीत, एखादा खाली घसरतो. मी त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासतो. फोटोत जे दिसत नाही ते कागदावर उठतं.

पण हातकाम दुरुस्तीतही असतं, आणि भले भले इथेच चुकतात. निपाणीकडची गोष्ट सांगतो. एका जुन्या तंबाखूच्या वखारीत गाडी होती. घरातले तात्या, वय ऐंशीच्या पुढे, ठामपणे म्हणत होते की लढाई सुरू झाल्यावर एक जर्मन इंजिनिअर ही ट्रायलची गाडी त्यांच्या आजोबांकडे टाकून गेला. पाटी नाही, बॉडी सागाच्या सांगाड्यावर ठोकलेल्या पत्र्याची, इंजिनाच्या हेडवर (सिलिंडरांवरच्या ओतीव झाकणावर) एकही उठावाचा आकडा नाही. सगळ्या खुणा प्रोटोटाइपच्या. माझंही काळीज धडधडत होतं.

हेड पुसलं तेव्हा एक गोष्ट खटकली. त्याची कड ब्लॉकच्या कडेशी जुळत नव्हती. दोन्ही टोकांना सुमारे दोन-दोन मिलिमीटर आत होती.

आमच्या धंद्यातला माणूस यावर थांबतोच. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण शंभराला एक या प्रमाणात आकसतं. म्हणून आम्ही पॅटर्न तेवढा मोठा करतो, आमची मोजपट्टीही त्यासाठी वेगळी असते. पण कुणी मूळ नगच पॅटर्न म्हणून वाळूत दाबला आणि साचा घेतला, तर नवा नग तेवढा लहान येतो. चारशे मिलिमीटरला चार मिलिमीटर. भोकं मागाहून मापावर पाडता येतात, पण कडा लपत नाहीत. म्हणजे हे हेड जुन्या हेडवरून ओतलेली नक्कल होती.

तात्यांच्या परवानगीने हेड उतरवलं. सिलिंडरमध्ये आठवडाभर डिझेल आणि तेल घालून ठेवलं, मग हँडलने क्रँक हलली. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, घासून मोठा करता येतो; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खाली-वर धाव, सहसा कुणी बदलत नाही, म्हणून मी आधी स्ट्रोक मोजतो. ८९ मिलिमीटर. बोअर ६३.५ च्या किंचित वर. चार सिलिंडरांचं गणित केलं की ११२५ सीसीच्या आसपास : ऑस्टिन टेन. चासीनेही तेच सांगितलं. इंग्लंडात ढिगाने बनलेली गाडी.

ही गोष्ट तात्यांना सांगणं जड गेलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सुनेला म्हणाले, "वरची कीर्द काढ गं."

गाडीचा इतिहास शोधायला आपल्या भागात किती साधनं आहेत याची आपल्याला जाणीव नसते. नंबर बीएमने सुरू झाला तर गाडी मुंबई प्रांतातली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेल्यावर नवे नंबर एमवायचे. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत एक नंबर आणि आरसी बुकात दुसरा असला, तर गाडी बदललीच असं नाही, कधीकधी राज्य बदललेलं असतं. संस्थानी गाड्यांचे खर्च दप्तरात सापडतात आणि व्यापाऱ्यांचे रोजकीर्दीत, बहुतेक मोडी लिपीत. गाडी शोधायची तर मोडी शिका, असं मी तरुण पोरांना कळकळीने सांगतो.

तात्यांची कीर्द मोडीतच होती. दोन संध्याकाळी बसून वाचली. गाडी घाटात मोडली, मुंबईस नवी बॉडी, साग व पत्रा. काही पानांनी पुढे, लढाईच्या दिवसांत, विलायतेहून सामान येत नाही अशी नोंद, आणि तिच्याखाली : मोटारीचे हेड, ओतणावळ, कोल्हापूर. पुढे रक्कम आणि सही.

मी वाचून दाखवलं. तात्या उठून वखारीत गेले. टेबलावर ठेवलेल्या हेडवर तळहात टेकवून त्यांनी विचारलं, "म्हणजे हे इथल्याच माणसाने ओतलंय?"

"हो तात्या. आणि चांगलं ओतलंय. पाण्याच्या वाटा बघा, एकही कोअर हललेला नाही."

त्यांनी बॅटरी मागवली, हेड उलटं केलं आणि एकेका भोकात प्रकाश पाडून बघत राहिले.